ताटावरून उठवलेली

बीडमधल्या त्या गल्लीत इटालियन हॉटेल टिकेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण लाल चौकड्यांची टेबलं आणि मागची विटांची भट्टी वर्षानुवर्षं तशीच आहे, आणि वाढदिवस म्हटला की अख्खी गल्ली तिथेच जमते. विजयसिंह त्या संध्याकाळी आईला तिथे घेऊन गेला, तो मोठ्या आशेनं. उमापुरात एकट्या पडलेल्या मुक्ताबाईला त्याला कायमचं आपल्याकडे आणायचं होतं. पण राहतं घर सासऱ्यांचं. राधाकिशनराव हो म्हणाले तरच म्हातारीला खोली मिळणार, म्हणून हे जेवण.

सगळं बेतानं चाललं होतं. बायको मंजुषा सासूला कौतुकानं वाढत होती. तेवढ्यात दिवेलागणीलाच वीज गेली. टेबलावर मेणबत्ती आली, आणि कुठूनसा विझलेल्या राखेचा वास. मुक्ताबाई दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "या बाई, जेवायला."

दारात कुणीच नव्हतं.

जेवताना कुणी दिसलं की असं म्हणायचं, आणि समोरच्यानं "होऊ द्या" म्हणून पुढे जायचं, ही आपली रीत. इथे "होऊ द्या" कुणी म्हणालं नाही. मुक्ताबाईनं शेजारची रिकामी खुर्ची ओढली. "बसा... लई लांबून आल्यात जनू," असं पुटपुटत तिनं आपला पिझ्झा तिकडे सरकवला.

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. राधाकिशनरावांनी काटा खाली ठेवला. "जावईबापू, आईंचं हे... नेहमीचंच का?"

विजयसिंहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, कुनी न्हाई तिथं. गप जेव."

"हाय की रे. उपाशी हाय ती..."

तो तडक उठला आणि खुर्ची बाजूला करायला गेला. खुर्ची हलेना. साधी हलकी खुर्ची, पण तिच्यात भरल्या अंगाचं माणूस बसलं असावं इतकी जड. त्याच्या हाताला सगळं कळलं. पण सासरे बघत होते. त्यानं जोर लावून हिसडा दिला, आणि खुर्ची एकदम हलकी झाली.

"बघा, रिकामी!" तो हसला. ते हसू त्याचं त्यालाच ओंगळ वाटलं.

"बसल्या मानसाला ताटावरनं उठवलंस, विजू?" मुक्ताबाई हळू आवाजात म्हणाली. "मला न्हाई ऱ्हायचं तुज्याकडं. आत्ताच्या आत्ता गावी सोड."

सासऱ्यांनी अडवलं नाही. विजयसिंहानंही नाही. उलट मनातून त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची फार लाज वाटली.

गाडी उमापूरच्या रस्त्याला लागली. उरलेला पिझ्झा मागच्या सीटवर आईजवळ होता. गेवराई मागे पडल्यावर माफी मागावी म्हणून तो तोंड उघडणार, तोच मागून कुरुम कुरुम आवाज येऊ लागला. पिझ्झ्याची करपलेली कड कुणीतरी अधाशासारखं चावत होतं.

"आत्याबाई, सावकाश खा," शेजारी बसलेली मंजुषा मागे न बघता सासूला म्हणाली.

आईच्या तोंडात तर एकही दात नव्हता. आरशात बघायचं विजयसिंहाला धाडस झालं नाही. भीती होतीच, पण त्याहून लाज जास्त वाटली.