डोळ्यांवरचा हात

टीव्हीवर जुनी त्सुनामी दाखवत होते. सव्वीस डिसेंबर आला की दाखवतातच. सडक अर्जुनीला खेमराजच्या घरी भर दुपारी सासू-सुना लाखोरीची पालेभाजी खुडत बसल्या होत्या. अशा वेळी सगळ्या घरांत निघतात त्याच गोष्टी निघाल्या, तेव्हा कोण कुठं होतं त्याच्या.

डिंपलच्या जिवाजवळचा विषय. तेव्हा ती पाच वर्षांची, माहेरी, चोरखमारा तलावाखालच्या गावात. आईच्या मांडीवर बसून टीव्ही पाहत होती. लाट आली तसा आईनं तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. हाताला हिरव्या सांभाराचा, कोथिंबिरीचा वास होता. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. फोटोतली आई परकीच वाटे. स्वतःची म्हणावी अशी आई डिंपलपाशी एवढीच उरली होती, एक हात आणि त्याचा वास. ही ठेव तिनं नवऱ्यालासुद्धा कधी दाखवली नव्हती. आताही ती एवढंच म्हणाली, "मी तेव्हा माहेरी होती."

"तू त इथंच होतीस," सासू देवकाबाई मान वर न करता म्हणाल्या. "माझ्या मांडीवर. लाट दिसली त मीच तुझे डोळे झाकले."

डिंपल हसली. सासूबाईंची जीभ तिखट, पण डोकं लख्ख. "मी कशी असणार इथं? लग्नाला दोन वर्षं नाही झाली."

"ते मले काय माहीत. होतीस, एवढं खरं. मी सांभार निवडून राहिली होती."

वासाचं तर डिंपल कोणालाच बोलली नव्हती.

ती बी.एस्सी. झालेली, रस्त्यातलं लिंबू-मिरची तुडवून जाणारी. एकाच्या सांगण्यावर जाऊ नये, दुसऱ्याला वेगळं गाठावं, एवढं तिला कळत होतं. ती उठून हायवेवरच्या दुकानात गेली. सासरे खेमराज बारदान झटकत होते. तिनं सहज विचारलं, "बाबूजी, त्सुनामी आली तेव्हा तुम्ही कुठं होते?"

"दुकानातच. मद्रास साइडचे ट्रकवाले फोनसाठी रांग लावून उभे. एक जन रडून राहिला होता, त्याचा नंबर लागतच नव्हता." खेमराज जरा थांबले. "घरी आलो त तू हिच्या मांडीवर. मी म्हटलं, कोनाची पोरगी आहे? इनं म्हटलं, गप्प बसा, घाबरली आहे. अंधार पडला त तू नव्हतीस."

"मग?"

"मंग काय. तुले पाहाले आलो तेव्हाच ओळखलं. म्हनून त लगेच हो म्हटलं."

ते पुन्हा बारदान झटकू लागले.

डिंपल दुकानामागे गेली. तिला फार भीती वाटत होती. बाकी सगळं जग खोटं ठरलं तरी चालेल, पण तो हात आईचाच निघावा. तिनं वडलांना फोन लावला.

"बाबा, त्सुनामीच्या दिवशी मी घरीच होती ना? आईजवळ?"

तिकडं शेतावरचा पंप चालू होता.

"तुले कोनं सांगितलं?"

"सांगा ना."

"सकाळपासून नव्हतीस. तुझ्या आईनं तलावाची पूर्ण पाळ धुंडली. दिवेलागणीले आंगनात उभी दिसलीस."

"मग आईनं जवळ घेतलं असेल."

"नाही."

"बाबा?"

"हात नाही लावला. मरेपर्यंत नाही. म्हने, ही आपली नव्हे."

"आणि तुम्ही?"

त्यांनी पंप बंद केला. मग ते अगदी हळू, जपून बोलले.

"तिची आई त गेली वाट पाहून. आता तरी सांगा, बाई. आमची डिंपल कुठं आहे?"