डावीकडची सीट

विकलेल्या गाडीची किल्ली हातात देण्याआधी हिंदुरावांनी मला समोर बसवून सल्ले सांगितले, आणि मी ते वहीत उतरवून घेतले. मी सॉफ्टवेअर तपासणारी बाई. ऐकलेलं लिहायचं, लिहिलेलं तपासायचं, हीच माझी नोकरी.

"सकाळी इंजान गरम हू द्या, मग पळवा. थंड्याला रेस दिली की आतनं झिजतंय. आठवडाभर एका जागी हुबी ठिवायची न्हाई, टायर बसत्यात. आन् कूलंटच्या जागी नळाचं पाणी घालाल, तर माझ्याकडं रडत येऊ नका."

हिंजवडीतलं त्यांचं घर आयटी पार्कच्या काचेच्या इमारतीला पाठ लावून उभं होतं. माझ्या कंपनीचं पार्किंग जिथे आहे तिथे सहा वर्षांपूर्वी त्यांची ज्वारी डोलायची.

"जमीन गेली, बैलजोडी गेली, तवा ही आली," दोन सीटच्या त्या लाल स्पोर्ट्स कारच्या टपावर हात फिरवत ते म्हणाले. "डावीकडं जरा वढती. दुरुस्तीच्या नादी लागू नका. आन् पोळ्याला हिला हात लावायचा न्हाई. हळद न्हाई, हार न्हाई. गाडी हाय, गाडीवानीच ठिवा."

मला हसू आलं. त्यांच्या अंगणातल्या ट्रॅक्टरच्या आरशांनाही गोंडे होते.

त्यांच्या पत्नी बायडाबाई गाडीच्या डाव्या अंगाला उभ्या होत्या. मान किंचित वाकलेली, एक हात पदराखालून मान चोळत. मी गाडी काढली तशा त्या गाडीशेजारून चालू लागल्या. चार पावलं, पाच पावलं. हिंदुरावांनी दंडाला धरून थांबवलं. लळा लागला असेल, मी मनात म्हटलं.

गाडी खरंच डावीकडे ओढायची. कोथरूडच्या गॅरेजवाल्या गोपाळकृष्णांनी दोनदा अलाइनमेंट केली.

"गाडी सरळ आहे," ते म्हणाले.

"मग ओढते का?"

"तिला तिकडे काम असेल. मलाही आहे. एक वाजला."

मग मीच तपासलं. डावी सीट रिकामी ठेवून, ऑफिसातल्या शालूला बसवून, तांदळाचं पोतं ठेवून. ओढ तेवढीच. वहीत लिहिलं, कारण समजत नाही.

ऑगस्टात वणीहून आई आली. आई म्हणजे द्वारका, बाबांच्या मागे त्या घरात एकटी राहणारी. उन्हाळ्यात अंगणात चक्कर येऊन पडली, ती शेजारणीला संध्याकाळी दिसली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. दर वेळी ती पुण्याला यायची, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरायची.

"तुह्या पुण्यात मोटारी जास्त, माणसं कमी. मले नाही करमत व नंदे."

या खेपेलाही परतीचं तिकीट तिच्या बटव्यात होतं. काहीही करून तिला ठेवून घ्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

पाच वाजता ऑफिसातून आले, तर आई सोसायटीच्या पार्किंगमध्ये. त्या दिवशी मी कंपनीच्या बसने गेले होते. आईच्या हातात वाटी, वाटीत कोमट तूप आणि हळद. गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवरचा फुगवटा ती तळव्याने, गोल गोल, मायेने चोळत होती.

"आई, हे काय?"

"उद्या पोळा हाय ना! बैल नाही घरी, मंग म्हटलं इचेच खांदे शेकून घ्या." आणि आमच्या गोठ्यात म्हणायची तशी वाकून, आरशाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या!"

मला वहीतला सल्ला आठवला. तोंड उघडलं. पण आई हसत होती. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती.

मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी आईने बॉनेटवर पुरणपोळीचं ताट मांडलं, वॉचमनलाही पोटभर वाढलं, आणि आम्ही खडकवासल्याला निघालो. आई डावीकडे. धायरीच्या पुढे माझ्या लक्षात आलं की हात दुखत नाहीयेत. स्टिअरिंग सैल सोडलं. मग पुरतं सोडलं. गाडी ओळंबा लावल्यासारखी सरळ चालली होती. आई ओवी गुणगुणत होती, मी कधी न ऐकलेली.

जोडीनं गं चालावं, जोडीनं थांबावं
मागं राहिलेल्यानं कोणाकडं पाहावं

धरणाच्या भिंतीजवळ आम्ही कणसं खाल्ली. दाताला लिंबू लागून आईने तोंड वेडंवाकडं केलं, आणि एकदम म्हणाली, "नाही जात मी वणीले. इथंच बरं वाटते आता."

मी तिकीट तिथेच फाडलं. घरी येऊन वहीत लिहिलं, ओढ नाहीशी.

दिवस मजेत गेले. आई रोज फिरायला यायची. एकदा मी एकटीच ऑफिसला निघाले, तर गाडी डावीकडे अशी वळू पाहत होती की वाकडच्या पुलापर्यंत मनगटं सुजली. परत आले. आई फाटकाशीच उभी होती.

महिन्याभराने तिची वेणी घालताना बोटांना काहीतरी लागलं.

मानेखाली, चार बोटं रुंद, जाड निबर कातडी, जू वाहणाऱ्या बैलाला येते तशी.

"दुखते का गं?"

"नाही व. सवय झाली."

हिंदुरावांना फोन केला. पोळ्याचं सांगितलं. 

"आमच्या हिची मान," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या दिसापासनं बरी हाय."

त्यांनी फोन ठेवला.

आता आई वणीचं नावही काढत नाही. मी सकाळी सल्ल्याप्रमाणे इंजिन गरम होऊ देते. तोवर आई सीटवर बसत नाही. बाहेर, पुढच्या डाव्या चाकाशेजारी उभी राहते, मान जराशी वाकवून, निघायची वाट बघत.