अर्धे पाऊल

"आऊट!"

पापडीच्या मैदानावर, डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात, हा शब्द मी प्रथम ऐकला तो एका अनोळखी, गंभीर डोळ्यांच्या तरुणाकडून. मुंबईहून बी.ए. होऊन परतलेला ॲन्सेल्म वाटेने जाता जाता थांबला होता. त्याच्यापाशी सॉफ्टबॉलची नियमपुस्तिका आहे, हे कळताच आमच्या मुलींनी त्याला पंच केले. आणि त्याचा पहिला बळी मी, फ्लॉसी.

"पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधी तुम्ही बेस सोडलात."

"एका पावलासाठी आऊट?"

"अर्ध्या. मोजलं मी."

"चेंडू सोडून माझी पावलं मोजता?"

त्याचे कान लाल झाले...

महिनाभरात मला सारे नियम पाठ झाले, त्याचा आवाजही.

मग अर्नाळ्याशी सामना. जिंकणारा संघ मुंबईला खेळणार होता. समुद्र मी रोज पाहिला होता; मुंबई कधीच नाही. गुण बरोबरीत, शेवटचा डाव, मी दुसऱ्या बेसवर. टोला बसला — मी सुटले!

आणि चर्चची बाराची घंटा झाली.

त्या घंटेला पापडीत चालती मोटही प्रार्थनेसाठी थांबते. माझे पाय आपोआप थबकले, हात कपाळाशी गेला, डोळे मिटले. उघडले तेव्हा तिसऱ्या बेसवरची अर्नाळ्याची मथुरा माझ्या दंडाला चेंडू लावून उभी होती, स्वतःच ओशाळलेली.

"हातात आला न् लावला गेला," ती म्हणाली. "मास्तर, खेळ थांबवला व्हता का नाय?"

पंचाने थांबवला नसेल, तर खेळ चालूच. ॲन्सेल्मने मान खाली घातली.

"विसरलो."

"प्रार्थनेत?" मथुराने विचारले.

"नाही... मी—" त्याने माझ्याकडे पाहिले. "डोळे मिटायलाच विसरलो."

मैदान खदखदून हसले. त्याने मात्र हात वर केला. "नियमाने... आऊट."

मी मैदानाबाहेर निघाले. पण मथुराने चेंडू पिचरकडे फेकला. "असा आऊट आमाला नको. देवाच्या येळेला कोन कोनाला धरतं? जा गो, दुसऱ्यावर उभी रा!"

पुन्हा दुसरा बेस. चेंडू हातून सुटेपर्यंत मी श्वासही सोडला नाही. टोला! तिसरा बेस मागे पडला, वारा कानांत शिट्टी घालू लागला, मागून चेंडू येतो आहे हे पाठीला कळत होते—

"सेफ!"

आरोळी आली तेव्हा माझा पाय अजून हवेत होता. मग तो होम बेसवर टेकला, चेंडू त्यानंतर; विजयाचा गुण आमचा.

"अवो मास्तर," मथुरा ओरडली, "तिचा पाय तरी टेकू द्या!"

धुळीत बसूनच मी वर पाहिले. "अर्धं पाऊल आधी, ॲन्सेल्म. मोजलं मी. आता शिक्षा?"

"तू देशील ती."

"मुंबईला आमच्याबरोबर यायचं. आणि परतल्यावर... आमच्या घरी. बाबांना भेटायला."

तो नियमपुस्तिका चाळू लागला — उलटी धरून.