गोणीला हात

वीज गेली होती. पोलादपूरला शुभमच्या ओटीवर पोरं जमली होती आणि सोनबाआजा पान चघळत सांगत होता. तोंडावर तोच माज, सगळं आपल्यालाच ठाऊक असल्याचा. कॉलेज सोडल्यापासून शुभमला तो माज बघवत नसे.

"वरच्या धनगरवाड्यातला मंगेश. माझ्या ओळखीचा. गेल्या पौषातली अमावास्या, शनिवारची रात."

मंगेशची बायको अमिता बाळंतपणात अडली होती. वाडीला रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. खाली डांबरीवर जीप सांगायची आणि डोलीला माणसं आणायची, एवढंच काम. बॅटरी घेऊन तो मिठाच्या वाटेनं उतरला. पूर्वी दासगावला गलबतं लागायची; तिथलं मीठ महाडावरून याच वाटेनं बैलांच्या पाठीवर घाट चढायचं.

खिंडीत एक माणूस उभा. शेजारी बैल. त्याच्या पाठीवर दोन्हीकडं लोंबणारी जोडगोणी घसरून खाली पडलेली.

"जरा हात लाव रे."

जोडगोणी एकट्यानं चढत नाही. एक इकडून, एक तिकडून. आडवाटेला हात मागितला तर नाही म्हणायची रीत नाही. मंगेशनं बॅटरी दातात धरली आणि गोणी उचलली.

"जड होती?" पोरांतल्या सूरजनं विचारलं.

"नाय. वजनच नव्हतं."

कुणी हसलं नाही.

"मंगेश म्हणला, कुठं निघालाव बाबा? तो म्हणला, वर... तुझ्याकडं."

मंगेशनं बॅटरी फिरवली. खिंड रिकामी. वर, वाडीच्या अंगाला, घुंगरं वाजत होती.

परत फिरावं, तर डोली कोण आणणार? खाली जावं, तर...

तो खाली पळाला.

"माणसं घेऊन पोचला तवर पोर झालं होतं. अमिता जगली. पण मंगेशचा बाप, मालोजी, घुंगरं ऐकून अंगणात येऊन बसलेला. म्हणला, खिंडीत गोणीला हात लावलास? अंधारात तिथं कुणाच्या ओझ्याला शिवायचं नसतं. आमा जुन्यांना सगळ्यांना ठाव हाय."

शुभम भडकला. "मग पोराला सांगायला तोंड शिवलेलं? आमाला उठताबसता अक्कल शिकवता आणि सांगायचं तेवढंच पोटात ठेवता!"

"असल्याचं नाव काढत नाय रे."

"आता कसं काढलंत?"

सोनबानं ओटीखाली पान थुंकलं.

"पोर बरं हाय ना?" शुभमचा आवाज उतरला.

"हाय. दूध पितं. रडत नाय."

"मग?"

"साळूबाई सुईणीनं न्हाऊ घालताना त्याच्या मुठी उघडल्या. तळहातांवर घट्टे होते... बैलाचा कासरा ओढून पडतात, तसले. जुने. पिवळे पडलेले."