साडूभाऊंची तोंडपाठ प्रार्थना

बाहेरचा दिवा राहू दे, आतला तेवढा बंद करा. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. गोष्ट माझ्या साडूची आहे, आणि निम्म्या गोष्टीपर्यंत तो माणूस हसण्याच्याच लायकीचा होता.

साडूभाऊ कॅथलिक शाळेत सुपरवायझर. तिथं दिवस प्रार्थनेनं उघडतो, डबा प्रार्थनेनं उघडतो, परीक्षेचा पेपरसुद्धा प्रार्थनेशिवाय उघडत नाही. ह्यांनी त्या सगळ्याची कवायत करून टाकली होती. प्रार्थनेत पोरांचे डोळे मिटलेत की नाही हे बघायला ह्यांचे एकट्याचे सताड उघडे. कुणी अडखळलं की समोर जाऊन उभे राहायचे आणि बोटानं हनुवटी वर करून विचारायचे, "पुढे?" तेवढ्यानंच पोराला आठवत असलेलंही विसरायला व्हायचं.

गेल्या वर्षी बिशप शाळेत येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, तिसरीतली एक मुलगी प्रार्थनेतल्या 'आम्हांला क्षमा कर' ह्या ओळीशी अडली. साडूभाऊंनी तिला मधल्या सुट्टीभर खडीवर गुडघे टेकायला लावलं. लहान वर्गांच्या सिस्टर धावत आल्या. "सर, विसरली तर देव आठवण करून देईल. तुम्ही कशाला?"

"देवाला उद्याचा कार्यक्रम सांभाळायचा नाही, सिस्टर. मला सांभाळायचाय."

असा हा भक्त!

पण पोरांचा काही भरवसा वाटेना. म्हणून त्याच रात्री, आठाच्या सुमाराला, हे मोबाइल घेऊन शाळेच्या चॅपेलकडे निघाले. स्वतःच्या आवाजात प्रार्थना रेकॉर्ड करायची, सकाळी ती स्पीकरवर लावायची, पोरांनी नुसते ओठ हलवायचे. बायको म्हणाली, "जेवून जा की."

"आल्यावर. उद्या बिशपांच्या कानावर हा आवाज पडला की मुख्याध्यापकाची खुर्ची आपली."

वॉचमननं कुलूप काढलं. "सर, थांबू बाहेर?"

"थांब. पण खोकू नकोस, रेकॉर्डिंगमध्ये येतं."

आत वेदीजवळचा एकच दिवा होता. बाकं रिकामी. साडूभाऊंनी मोबाइल वाचनाच्या स्टँडवर ठेवला, खिशातून कंगवा काढला आणि भांग नीट केला. आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी भांग! मग बटण दाबून, ताठ उभ्यानं, सभेत भाषण ठोकावं तशी सुरुवात केली.

पहिली ओळ झाली. मागून तीच ओळ आली. घुमतंय, त्यांनी मनात म्हटलं. मोठी खोली आहे, घुमणारच.

दुसरी ओळ. पुन्हा मागून. पण बारीक आवाजात. लहान पोरं हेल काढून म्हणतात तशी.

साडूभाऊ थांबले. आवाज थांबला नाही. त्यानं पुढची ओळ म्हटली. जी ह्यांनी अजून म्हटलीच नव्हती.

त्यांनी वळून बघितलं. बाकं रिकामीच.

वॉचमनला हाक मारावी असं वाटलं. पण मारली तर उद्या शाळाभर होईल, सुपरवायझर घाबरला. अब्रूला जपणारा माणूस. घसा खाकरला आणि घाईघाईनं रोजची भाकर मागायची ओळ उरकली. पुढची क्षमेची. तोंड उघडलं...

ओळ आठवेना.

जन्मभर म्हटलेली. हजार पोरांकडून घोकून घेतलेली.

मागेही शांतता. कुणीतरी वाट बघत असल्यासारखी.

मग अगदी जवळून. कोपराच्या उंचीवरून.

"पुढे?"

साडूभाऊंनी खाली बघितलं नाही. बघवलंच नाही.

"म... मला..."

"पुढे?"

दिवा तसाच जळत होता. वारा नव्हता. हनुवटीखाली काहीतरी टेकलं. गार. बारीक. एका बोटाएवढं. हळूहळू हनुवटी वर झाली...

आणि साडूभाऊंनी गुडघे टेकले.

त्यानंतरचं ते सांगत नाहीत. कितीदा विचारलं.

बाहेर आले तेव्हा वॉचमनच्या हातात सिगारेट अर्धीच जळालेली. तो म्हणाला, "झालंसुद्धा, सर? आत्ता तर गेलात." साडूभाऊंनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही फार वर्षांनी माणूस बघताहेत. मोबाइल आतच राहिला. तो आणायला ते परत गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग वाजलं नाही. पोरांनीच प्रार्थना म्हटली, चुकत, अडखळत, कुणी पुढे, कुणी मागे. बिशपांना आवडली म्हणे. आपले साडूभाऊ शेवटच्या रांगेमागे भिंतीला धरून उभे. ओठ नुसते हलत होते.

घाबरला असेल म्हणाल. भित्रा होताच तो. मीही हसलो होतो, मोकळेपणानं हसलो होतो. पण चॅपेलच्या त्या रात्रीचं माझ्या मेव्हणीनं तिच्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलेलं ऐका.

नवरा घरी आला तो लंगडत. ती तेल घेऊन बसली, पँट गुडघ्यापर्यंत वर सारली. आणि हात आखडून घेतला.

दोन्ही गुडघ्यांवर घट्टे होते. काळे, जाड, भेगाळलेले. तीस-चाळीस वर्षं रोज दगडावर गुडघे टेकणाऱ्याला पडतात तसे.

तिनं नखानं खरवडून बघितलं.

साडूभाऊंना लागलंसुद्धा नाही.