पंचवीस मिनिटांत आलोच

ही घटना शंभर टक्के खरी आहे. संगमेशने ती शपथेवर सांगितली आहे. तो विमा विकतो, एवढं सोडलं तर शंका घ्यायला जागा नाही.

गेल्या डिसेंबरातला गुरुवार. नांदेडचं बसस्टँड. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं.

लातूरहून फोन आला. सिद्धम्माआत्या तिथल्या दवाखान्यात होती; ते सकाळीच कळून तो स्टँडवर आला होता. आईमागं तिनंच संगमेशला वाढवलेलं.

"भावजी, लवकर निघा," आत्याची सून शिवकन्या म्हणाली. "छातीत कळा येऊन राहिल्यात. तुम्हाला बघितल्याबिगर डोळे मिटणार न्हाई म्हणतात."

बस अजून सुटायची होती. रस्त्याने साडेतीन तास. संगमेशने मघाशी मोबाईलवर अंतर शोधलं, तर आधी विमानतळांचंच पान उघडलं होतं. नांदेड ते लातूर हवाई अंतर सव्वाशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पंचवीस मिनिटं. विमान आहे का, ते लिहिलं नव्हतं.

नव्हतंच.

त्याने फोन आत्याच्या कानाला लावायला सांगितला.

"आत्या, विमानानं येतो. पंचवीस मिनिटांत आलोच!"

आपल्याकडे माणूस निघायच्या आधीच 'आलो' म्हणतो. त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

लोह्याला बस थांबली. फोन वाजला.

"भावजी, न सांगता कुठं गेलात?"

"कुठं म्हणजे? लोह्याला हाय."



"थट्टा करू नका. आत्ता आत्याबाईंजवळ बसला होतात. मी चहा आणायला गेले, तेवढ्यात..."

"वहिनी, मी कधी आलो?"

"अकरा पस्तीसला. घड्याळच बघितलं ना! म्हणलं, बोलले तसे आले."

संगमेशने मिनिटं मोजली. पुन्हा मोजली.

पंचवीसच.

"मी... काही बोललो का?"

"माझ्याशी तर न्हाई. कान दाबून बसला होतात. सारखा आवंढा गिळायचा, जांभया द्यायच्या. विमानातून उतरल्यावर कान बंद होतात म्हणं, तसं."

संगमेश आयुष्यात विमानात बसला नव्हता.

अहमदपूरला बस खच्चून भरली. माणसं दांडीला लटकलेली.

पण संगमेशच्या शेजारची जागा रिकामी...

एका म्हातारीला तो म्हणाला, "बसा की मावशी."

तिने त्या जागेकडे बघितलं. "अन् हे कुठं जातील?"

हे म्हणजे कोण, हे विचारायचं त्याचं धाडस झालं नाही. लातूर येईपर्यंत त्याने त्या बाजूला मान वळवली नाही.

दवाखान्यात आत्या जागी होती. तिने त्याचा हात चाचपला.

"आता गरम हाय," ती पुटपुटली.

"आत्या, मघाशी कोण आलं होतं?"

"तूच की रं, संगू. हात बर्फावानी. शिवकन्या भाईर गेल्यावर म्हणलास, चल आत्या, खिडकीची जागा धरून ठेवलीया."

"मग?"

"खिडकीपाशी मला भोवळ येती. न्हाई म्हणलं."

"मग तो काय म्हणाला?"

आत्याने दाराकडे बघितलं...

"म्हणला, बरं. पुढच्या फेरीला आलोच."

तीन रात्री संगमेश आत्याच्या उशाशी खुर्चीत बसून राहिला. दार वाजलं की आत येणाऱ्याच्या चेहऱ्यात तो आधी स्वतःला शोधायचा.

चौथ्या दिवशी आत्याला घरी सोडलं. डॉक्टरांच्या कागदावर निदान एकाच शब्दाचं होतं.

पित्त.