न पडणारा काटा

"मना पोऱ्यानी तिले मारं नही, भाऊ!"

भिकुबाई धुळ्यात, देवपुरात लीलाधरच्या ओट्यावर येऊन बसली, ती उठेचना. खासगी तपास करणारा लीलाधर ऐकत राहिला.

तिचा मुलगा सुपडू तोतारामशेठची मोटार चालवायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी शेठची बाळंतपणात अडलेली सून भागाबाई हिला पारोळ्याहून धुळ्याच्या दवाखान्यात आणताना इंजिन जाम झालं. रस्त्यातच, भर उन्हात, भागाबाई गेली. शेठ म्हणे, सुपडूनं तेलाच्या दाबाच्या काट्याकडे पाहिलंच नाही. सुपडू कोठडीत.

"काटा कुठं होता रे?" लीलाधरनं त्याला गजांबाहेरून विचारलं.

"वरच, भाऊ. शेवटपर्यंत. पहिले इंजिन तापलं का निम्म्यावर यायचा. आखाजीच्या आदल्या दिवसापासून पडणंच बंद. म्हटलं, सुधारली बया!"

"थापा," सोबती गिरधर बाहेर येऊन म्हणाला. "दाब होता तर इंजिन जळेल कसं?"

शेठच्या बंगल्यावर फौजदारही आले. शेठनं कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडून बॉनेटचं कुलूप काढलं.

"ही आंघोळीलाही सुटत नाही. मी समोर नसेन तर आत कुणाचा हात जात नाही. गिऱ्हाईक ठरलं होतं हो हिचं! हवेवर थंड होणारी मोटार, पाण्याची कटकट नाही. नुसतं तेल सांभाळायचं, तेही त्या सुपड्याला जमेना."

सुनेचं नाव काही तोंडी आलं नाही.

मिस्त्री धनसिंगानं मान वर न करता इंजिन खोललं. पुढचं बेअरिंग तेलानं ओलं, मागचं जळून काळं. तेलाच्या वाटेच्या मागच्या टोकाला पितळेचं कोरं बूच. काट्याची तांब्याची नळी मात्र पुढे, पंपाच्या तोंडाशी. मध्ये ताजा जोड देऊन लांबवलेली.

लीलाधरचा आवाज चढला. "गिरधर, नळी जिथं लावावी तिथलाच दाब काटा सांगतो. पंप पुढे. वाट मध्येच गाळानं तुंबलेली. पंपाशी दाब मायंदळ, मागे थेंब नाही. नळी मागच्या टोकाला होती तोवर काटा खरं बोलायचा, पडायचा. मग कुणीतरी नळी पुढे आणली, मागे बूच ठोकलं. सुपडू पाहतच होता. त्याला खोटं दाखवलं."

"पण कुणी?"

"किल्ली कुठं असते, आत्ताच ऐकलंस की."

"मिस्त्रीचं काम असेल!" शेठ ओरडला.

धनसिंगानं पाना आपटला. "केलं मीच, पण तुमच्यासमोर! इंजिन खोलून वाट साफ करू, म्हटलं होतं ना, शेठ? तुम्ही म्हणाले, गिऱ्हाईक येऊन जाऊ दे, तोवर काटा वर ठेव."

शेठ मागे सरला. "सूनबाई हिच्यातून जाईल, हे मला काय ठाऊक? मोटार तर गिऱ्हाइकाला..."

"म्हणजे त्याची सून मेली असती, तर चाललं असतं?" लीलाधरनं विचारलं.

शेठ किल्ली करगोट्याला बांधू लागला. गाठ बसेना. फौजदारांनी किल्लीसाठी हात पुढे केला.